मुंगळ्यांच्या घरात आमचे हे

दहाव्याला बाणगंगेवर ह्यांच्या पिंडाला कावळा शिवेना. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या भिंतीवर सात-आठ बसले होते, चांगले गलेलठ्ठ, आणि शेजारच्या कुटुंबाच्या पिंडावर त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत ताव मारला होता. आमच्या पिंडाकडे मात्र ते दुधीच्या भाजीकडे बघावं तसे बघत होते.

हे म्हणजे माझे यजमान, हेमचंद्र पाताडे. लालबागला जन्मले, लालबागलाच गेले, आणि मधली छत्तीस वर्षं फोर्टातल्या एका कचेरीत फायलींना नंबर घालत बसले. माणूस गरीब. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. अशा माणसाचं मागे काय राहणार, असं मला वाटत होतं.

गुरुजी म्हणाले, मनात काहीतरी राहिलं असेल, घरच्यांनी एकेक करून शब्द द्या. आमचा मुलगा अवधूत पुढे झाला आणि आईला कधी अंतर देणार नाही म्हणाला. एका कावळ्याने चोच भिंतीला घासून साफ केली. सूनबाई दर्शनाने देवघरातला दिवा चुकणार नाही असं सांगितलं. आमच्या नणंदबाई कमलवन्सं वरळीहून आल्या होत्या. त्यांनी गावच्या घराची कौलं शाकारायचं कबूल केलं, दरवर्षी जत्रेला जायचं कबूल केलं, आणि ज्या चुलतभावाशी ह्यांनी बारा वर्षं अबोला धरला होता त्याच्याशी स्वतः जाऊन बोलायचंही कबूल केलं. कावळे ढिम्म. मग मी पुढे झाले. बायकोने म्हणायचं असतं तेच म्हटलं, की माझी काळजी करू नका, मी नीट राहीन. ह्यावर तरी येईल अशी मला मनातून खात्री होती. आला नाही.

ऊन चढलं. पुढचं कुटुंब आपली भांडी घेऊन खोळंबलं होतं. गुरुजींनी पिशवीतून दर्भ काढून त्याचाच कावळा वळायला घेतला, आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "बरं बाबा, तुमचे ते मुंगळे मी सांभाळीन. आता तरी सुटा." वाक्य पुरं व्हायच्या आत भिंतीवरचा सगळ्यात जाडा कावळा खाली आला आणि भाताच्या गोळ्याला चोच लावून गेला.

सगळ्यांनी हात जोडले. कमलवन्संना भरून आलं. मला आला तो संताप. अडतीस वर्षांचा संसार एका बाजूला, आणि ह्या माणसाचा जीव अडकला तो मुंगळ्यांत. मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण ते मला फार लागलं.

आता हे मुंगळे काय प्रकरण ते सांगते. निवृत्त झाल्यावर पुरुष बागेत जातात, पत्ते कुटतात, भजनी मंडळात टाळ वाजवतात. आमच्या ह्यांनी मुंगळे पाळले. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात एका संध्याकाळी इमारतीच्या पायरीवर त्यांना एक मोठी काळी मुंगळी सापडली. नुकतेच पंख टाकलेली राणी होती म्हणे. ती त्यांनी माझ्या होमिओपॅथीच्या बाटलीत घातली आणि गोळ्या खिशात ओतून घरी आणल्या. मग फोनवर शोधाशोध करून प्रभादेवीचे रघुवीर नावाचे एक गृहस्थ गाठले. पंचेचाळीसच्या आसपासचे, बँकेत ऑफिसर, बायकामुलं असलेला माणूस. पण घरी तीन जातींच्या मुंग्या पाळतो आणि दर महिन्याला दादरला आपल्यासारख्याच लोकांबरोबर चहा पीत मुंग्यांवर बोलतो. मुंबईत असे पुष्कळ आहेत म्हणे. मी आधी विश्वास ठेवला नव्हता.

रघुवीरांनी सांगितलं तसं ह्यांनी त्या राणीला एका काचेच्या नळीत ठेवलं, मागे कापसाचा बोळा आणि त्यामागे पाणी, आणि नळी कपाटात अंधारात. दीड महिना उघडायची नाही. तेवढे दिवस ती काही खात नाही, पंखांच्या स्नायूंचं जे काही अंगात असतं त्यावर जगते आणि पिल्लं वाढवते, असं हे मला भारावून सांगत होते. माझ्या बाळंतपणात माहेरून डिंकाचे लाडू आले होते, त्यांतले निम्मे ह्यांनी खाल्ले होते. ते त्यांना आठवत नव्हतं.

पुढे राणीला मुलं झाली, मुलांना जागा पुरेना. ह्यांनी परळच्या गणपतीच्या कारखान्यातून उरलेलं प्लास्टर आणलं, मिठाईच्या खोक्यात ओतलं, वाळल्यावर चमच्याने त्यात खोल्या कोरल्या आणि वर काच बसवली. एका बाजूला ओल्या कापसाची ती नळी जोडली, दुसऱ्या बाजूला तोंडाला जाळीचं झाकण असलेली एक रिकामी नळी. आम्ही लग्नानंतर अकरा वर्षं एका खोलीत काढली. मुंगळ्यांना पहिल्याच फटक्यात नऊ खोल्या. बाहेर त्यांना फिरायला प्लास्टिकचा डबा, आणि डब्याच्या काठाला आतून स्पिरिटमध्ये कालवलेली माझी टाल्कम पावडर. तिच्यावरून पाय घसरतात, म्हणून मुंगळे बाहेर येत नाहीत. पावडर दोन महिने पुरायची ती पंधरा दिवसांत संपायला लागली.

आणि मी कोण? लग्न होऊन ह्या घरात आले त्या दिवसापासून मुंग्या मारत आलेली बाई. हळद टाकली, खडूच्या रेघा मारल्या, साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवला. मुंगी दिसली की माझा अंगठा आपोआप पुढे होतो. त्या तीन वर्षांत हे मला ह्या विषयावर एवढंच म्हणाले, की कपाटाजवळ खडू नको. मी एक रेघ जास्त मारली.

तेराव्याचं जेवण झाल्यावर रघुवीर घरी आले आणि मला शिकवायला बसले. एका दिवसाआड फॉइलच्या तुकड्यावर मधाचा थेंब, आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा कण किंवा मेलेलं झुरळ. औषधाने मेलेलं चालत नाही, चपलेने मेलेलं लागतं. कापूस ओला राहिला पाहिजे. उजेड नको, धक्का नको, अगरबत्ती तर नकोच. मी वहीत लिहून घेतलं. झुरळ मारताना अर्धं कुणासाठी तरी राखून ठेवावं लागेल, हा विचार साठ वर्षांत माझ्या मनाला शिवला नव्हता. पण शब्द दिला होता, तोही कुठे, तर बाणगंगेवर. राणी मेली असती तर हे मध्येच लटकले असते.

घोळ केला तो कमलवन्संनी. त्यांचं म्हणणं, कावळा कौलांवर नाही आला, जत्रेवर नाही आला, मुंगळ्यांचं नाव काढताच आला, म्हणजे दादाचा जीव मुंगळ्यांत गेला. ह्यात न कळण्यासारखं काय आहे? पुढच्याच रविवारी त्या सुक्या बोंबलाची पुडी घेऊन वरळीहून आल्या, चष्मा लावला, काचेला नाक टेकलं आणि म्हणाल्या, "गो वैनी, माका सांग, ह्येतलो दादा खंयचो?"

मी म्हटलं, मला काय माहीत. त्यांनी बोंबलाचा तुकडा डब्यात टाकला. दहा मिनिटांत वीस-पंचवीस मुंगळ्यांनी तो ओढत आत नेला. ह्यांना बोंबील जीव की प्राण होता. झालं, कमलवन्संना आणखी पुरावा नको होता.

बातमी जिन्याने गेली की लिफ्टने ते सांगता येत नाही, पण आठवड्यात चौदाही मजल्यांवर गेली. आधी नुसते बघायला आले. मग तेराव्या मजल्यावरच्या बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की पाताडेकाका आता तिकडचेच आहेत तर आमच्या ह्यांना निरोप देतील का. गॅसचं पुस्तक कुठे ठेवलंय एवढंच हवं होतं. मी म्हटलं, सांगून बघा. त्यांनी काचेपाशी वाकून फ्लॅट नंबरासकट सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुस्तक गादीखाली सापडलं. त्या गादी उलटी करायला गेल्याच होत्या, पण ते कोण लक्षात घेतो?

मग रविवारी दहा ते बारा अशी वेळच ठरवावी लागली. कुणाला आईला सांगायचं होतं की तिच्या लोणच्याला तेल किती ते आता तरी सांग. कुणाला नुसतं सॉरी म्हणायचं होतं. सोसायटीचे सेक्रेटरी गंगाधर, एरवी लिफ्टमध्ये पान खाल्लं तरी नोटीस लावणारे, चपला बाहेर काढून आले. त्यांना वडिलांना कळवायचं होतं की जुन्या चाळीच्या अंगणातला आंबा त्यांनी तोडला नाही, बिल्डरच्या माणसांनी तोडला, आणि ते त्या दिवशी मुद्दाम गावाला गेले होते हे मात्र खरं आहे. मी सगळ्यांना सांगायचे, निरोप पोचेल, उत्तराची हमी नाही. माणसं समाधानाने जायची. खोटं बोलते आहे असं मला वाटायचं नाही. पोस्टमनसुद्धा पाकीट उघडून बघत नाही.

अवधूत वैतागायचा. तो कंपन्यांची सॉफ्टवेअरं करतो, त्याला पुराव्याशिवाय काही चालत नाही. "आई, हे लोक येडे झालेत, ठीक आहे. तू तरी लॉजिकली विचार कर ना," असं तो दर रविवारी म्हणायचा आणि हेडफोन लावून आतल्या खोलीत जायचा.

आता लॉजिक म्हणाल तर ते मीच लावलं. एकदा रघुवीर आले असताना मी सहज विचारलं, की ह्यांतले बापे कोणते आणि बाया कोणत्या. ते म्हणाले, "वहिनी, ह्या सगळ्याच बाया आहेत. राणी बाई, कामकरी बाया, पहारेकरी बाया. नर फक्त वर्षातून एकदा जन्माला येतात." मी दोन दिवस विचार केला. ह्या जन्मी बाई झाले असतील तर पहाटेपासून राबत असतील. पण एखादीला खाऊ सापडला की ती धावत जाऊन बाकीच्यांना बोलावून आणते. ह्यांना खाऊ सापडला की हे गपचूप गॅलरीत जायचे. अंड्यांची जागा बदलायला, कचरा काढायला, एकमेकींना भरवायला कुणीही मागे नव्हती. मी कमलवन्संना फोन करून सांगितलं, की मी नीट बघितलं, दादा ह्यांत नाहीत.

"येतलो," त्या म्हणाल्या. "दादा कधी वेळार इलो?"

मार्च महिन्यात एका सकाळी नळीचा कापूस बदलताना मला आतल्या खोलीत वेगळी माणसं दिसली. सडपातळ, बारक्या डोक्याची, पाठीवर लांब पंख. मोजली तर चौदा. रघुवीरांना फोटो पाठवला. ते खूश होऊन म्हणाले, अभिनंदन वहिनी, तुमच्या घरात नर आले. हे काय काम करतात, मी विचारलं. काहीच नाही, ते म्हणाले. आयतं खातात, बसून राहतात.

मी खुर्ची ओढून बसले.

चौदातले तेरा एकमेकांना चिकटून असायचे. चौदावा एकटा, भिंतीकडे तोंड करून, ओल्या कापसाच्या सगळ्यात जवळ, म्हणजे जिथे गार लागतं तिथे. कामकरी मुंगळी आली की तोंड पुढे करायचा, भरवून घ्यायचा, आणि पुन्हा भिंतीकडे वळायचा. दिवसभर मिशा साफ करायचा. आधी डावी, मग उजवी. मी काचेजवळ जाऊन म्हटलं, "अहो." तो सावकाश वळला, माझ्याकडे बघितल्यासारखं केलं, आणि निघून दुसऱ्या खोलीत गेला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ह्यांची मेल्यावरही गेली नव्हती.

मी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. सांगितली असती तर कमलवन्सं बोंबील घेऊन मुक्कामालाच आल्या असत्या. रविवारचे लोक निरोप द्यायचे ते मी राणीच्या खोलीपाशी द्यायला लावायचे. हा कोपरा माझा होता. दुपारी दर्शना आणि अवधूत कामावर गेले की मी भाजी निवडायला घेऊन तिथे बसायचे आणि बोलायचे. माझ्या गुडघ्याबद्दल बोलले. दर्शनाला दिवस गेलेत ते आधी ह्यांना सांगितलं. पायरीवर पडले होते तेव्हा तुम्ही हसलात ते मला कळलं होतं, हेसुद्धा सांगितलं. बाणगंगेचाही विषय काढला. मी तुम्हाला सांगितलं की माझी काळजी करू नका, तेव्हा तुम्ही हललाही नाहीत, असं सरळ विचारलं. तो मिशी साफ करत राहिला.

पण निघून गेला नाही. जिवंतपणी माझं बोलणं पाच मिनिटांच्या वर गेलं की हे उठून गॅलरीत जायचे. इथे गॅलरी नव्हती. तीन महिन्यांत मी अडतीस वर्षांचं बोलून घेतलं, आणि खरं सांगते, लग्नानंतर एवढी सुखात मी कधीच नव्हते.

एकदा रघुवीर मुंग्यांचं कूळ समजावत होते, तेव्हा म्हणाले की नराला बाप नसतो. राणी फळ न धरलेलं अंडं घालते त्यातून तो होतो. आई असते, बाप नाहीच. मला सासरे आठवले. त्यांच्या धाकात हे पन्नाशीपर्यंत चपलांचा आवाज न करता घरात यायचे. ह्या जन्मी बापच नाही, म्हणून इतके निवांत दिसतात, हे मला तेव्हा उमगलं.

मेच्या मध्याला रघुवीरांनी बॉम्ब टाकला. म्हणाले, वहिनी, आता एखाद्या दमट संध्याकाळी ह्यांची उडायची वेळ येईल. त्या दिवशी नर जाळीच्या नळीत जमतील, ती गच्चीवर नेऊन त्यांना सोडून द्या. मी विचारलं, मग ते परत कधी येतात. ते म्हणाले, परत येत नाहीत. हवेत दुसऱ्या वारुळाची राणी भेटली तर तिच्याशी जुळतात, आणि जुळो वा न जुळो, एकदोन दिवसांत मरतात.

"आणि नाही सोडले तर?"

"तर इथेच मरतील. कामकरी मुंगळ्या तुकडे करून कचऱ्याच्या कोपऱ्यात टाकतील. त्यांना नर फुकट पोसायचे नसतात."

मी विचारलं, दुसऱ्या वारुळाचीच कशाला. ते जरा संकोचले आणि म्हणाले, घरातली राणी ही त्याची आई लागते. म्हणजे प्रश्न असा होता: ह्यांना घरात ठेवायचं आणि घरच्या बायकांकडून तुकडे करून घ्यायचे, की स्वतःच्या हाताने गच्चीवर नेऊन परक्या बाईच्या मागे उडवून द्यायचं. एकसष्टाव्या वर्षी मला सवतीचा मत्सर वाटला. मला स्वतःचं हसू आलं, पण मत्सर जाईना. मी जाळीच्या झाकणावर चिकटपट्टीचे दोन थर लावले आणि रघुवीरांचे फोन घ्यायचं बंद केलं.

कामकऱ्यांना मी भरपूर मध घालायला लागले, म्हणजे फुकट पोसायचं त्यांना जड जाणार नाही. तरी एका सकाळी कचऱ्याच्या कोपऱ्यात दोघांचे पंख पडलेले दिसले. धावत मोजले तर बारा नर उरले होते, आणि भिंतीकडे तोंड करून बसलेला आपल्या जागी होता. त्या दिवशी मी दुपारी जेवले नाही.

मेचा शेवटचा आठवडा. हवा अशी जड की वाळत घातलेले कपडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओलेच. पावसाला अजून दहा-बारा दिवस होते. साडेसहाला फोन वाजला, मी घेतला नाही, तर रघुवीरांचा मेसेज आला: वहिनी, आज आहे, दादर-परळला सगळीकडे उडताहेत. मी आत गेले. जाळीच्या नळीच्या तोंडाशी बाराही नर गोळा झाले होते, पंख थरथरत होते. कामकरी मुंगळ्या त्यांना मागून ढकलत होत्या. आणि सगळ्यांत पुढे, जाळीला डोकं लावून, हे.

तीन महिन्यांत जो चार पावलं चालला नव्हता तो जाळीवर वर चढत होता, पडत होता, पुन्हा चढत होता. मी चिकटपट्टीवर हात ठेवून म्हटलं, "आज नको. माझ्या मनाची तयारी नाही."

तेव्हा मला ते लेहचं आठवलं. अवधूत लहान असताना कचेरीतले आठ जण बसने लेहला निघाले होते, अकरा दिवसांसाठी. ह्यांनी मला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुठे जाऊ का म्हणून विचारलं होतं. मी म्हटलं, आईंचं कोण बघणार, आत्ता नको. हे "बरं" म्हणाले, माहितीचा कागद चार घड्या करून खणात ठेवला, आणि पुन्हा कधी काही विचारलं नाही. आईंचं बघायला मी होतेच. मला फक्त ते नसलेले अकरा दिवस नको होते, पण तसं म्हणायची लाज वाटली होती. मला त्या दिवशी जिंकल्यासारखं वाटलं होतं, ते आठवून मला आता मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी पुन्हा म्हटलं, "आज नको हो." तो थांबला नाही. मी नको म्हटलं आणि हे थांबले नाहीत, असं अडतीस वर्षांत कधी झालं नव्हतं. मी नळीवर पदर टाकला, नळी घरापासून सोडवली आणि लिफ्टकडे निघाले.

गच्चीची किल्ली गंगाधरांकडे असते आणि रजिस्टरात कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, पापड. त्यांनी घड्याळ बघितलं, आभाळ बघितलं, माझा पदर बघितला, आणि किल्ली देताना म्हणाले, "वहिनी, कुणी वर जात असेल तर आमच्या आप्पांना सांगा, नवीन आंबा लावलाय कंपाउंडला." मी मान हलवली.

गच्चीवर कुणी नव्हतं. पश्चिमेकडून समुद्राचा वारा येत होता. मी कठड्यावर नळी ठेवली, पट्टीचे दोन्ही थर काढले, जाळी काढली. पहिला बाहेर आला, पंख झाडले आणि गेला. दुसरा गेला. मग चार-पाच एकदम गेले. माझ्या हातावरून, केसांवरून गेले. हे पुढे होते ते गर्दीत मागे पडले, ह्यांचं नेहमीचंच. सगळे गेल्यावर एकटे बाहेर आले आणि माझ्या मनगटावर चढून बसले. आधी डावी मिशी साफ केली, मग उजवी.

मी पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून एवढंच आलं, की जाऊन या. त्यांनी पंख उचलले आणि गेले. वळून बघितलं नाही. थोडा वेळ मला ठिपका दिसला, मग कुठला ठिपका आणि कुठली घार ते कळेना.

मागे दार वाजलं. अवधूत होता, खांद्याला ऑफिसची बॅग तशीच. गंगाधरांनी त्याला खालीच गाठून सांगितलं होतं की तुझी आई दिवेलागणीला पापड घालायला गच्चीवर गेलीय, जरा बघ. तो धापा टाकत होता. त्याने नळी बघितली, जाळी बघितली.

"आई, काय चाललंय तुझं?"

मी म्हटलं, "तुझे बाबा गेले रे."

मला वाटलं, आता लॉजिक काढेल. त्याने काही काढलं नाही. बॅग खाली ठेवली, चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा लावला, आणि कठड्यापाशी येऊन माझ्या शेजारी उभा राहिला.

"कुठल्या दिशेला?" त्याने विचारलं.

मी रे रोडकडे हात केला. वारा तिकडेच वाहत होता. तो त्या दिशेला बघत राहिला, डोळे बारीक करून, जसं खरंच काही दिसत होतं.

"वखारी आहेत तिकडे, लाकडाच्या," तो म्हणाला. "बरं आहे, बसायला होईल त्यांना." आणि त्याचा आवाज फुटला. मी त्याचा दंड धरला, आणि आम्ही दोघं मायलेक तिथे उभे राहून रडलो.